हसायची जागा

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे शेंडेकाका रोज संध्याकाळी टीव्हीवर बातम्यांचा चॅनल लावतात, त्याचा आवाज पूर्ण बंद करतात आणि पेटी पुढे ओढून बसतात. पडद्यावर आठ चौकटींतली आठ माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात असतात आणि काका त्यांना साथ करत असतात. मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांच्याकडे आमटीचं भांडं परत द्यायला गेले होते. उभ्या उभ्या निघणार होते, ती अर्धा तास बसले. एका प्रवक्त्याने बोट वर केलं की काका राजाची स्वारी यावी असं काहीतरी भारदस्त सुरू करत, ते चढवत चढवत नेत, आणि बोट खाली आलं की नुसता एक सूर धरून बसत. प्रवक्ता काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण त्याच्याकडे म्हणण्यासारखं काही नव्हतं हे मात्र स्वच्छ कळलं.

“आवाज बंद केल्याशिवाय ही माणसं कळत नाहीत,” काका म्हणाले. “आणि पेटीशिवाय त्यांचं हसू येत नाही, नुसती कीव येते.”

मी मूळची पुण्याची. गुडगावच्या एका कंपनीत एचआरमध्ये आहे, म्हणजे माणसांना कामावरून काढताना जे गोड बोलावं लागतं, ते मी लिहून देते. राहते फरीदाबादला, कारण गुडगावात राहायचं तर एका पगारात भागत नाही. शेंडेकाका सांगलीचे. विशीत इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत, आधी फरीदाबादला आणि मग मानेसरला, गाड्यांचे हॉर्न तपासत होते. हॉर्न वाजवायचा, ऐकायचा, पास करायचा किंवा परत पाठवायचा. “दिल्लीच्या रस्त्यांवर जी बोंबाबोंब चालते ना, तिच्यातली निम्मी माझ्या सहीने बाहेर पडलीये,” असं ते पाहुण्यांना सांगतात, आणि ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नसतो. माझ्या गाडीतून कधी आले, तर रेड लाइटला मागचा माणूस हॉर्नवर तळहात ठेवून बसलेला असतो, खिडकीतून डोकं काढून ‘अबे चल ना’ करत असतो, आणि इकडे काका डोळे मिटून म्हणतात, “काळी चारचा सूर. जरा उतरलाय बिचारा.”

पेटी ते सांगलीला एका म्हाताऱ्या मास्तरांकडे शिकले. हे मास्तर तरुणपणी मूकपटाच्या पडद्याखाली बसून पेटी वाजवत असत. त्यांच्याकडून काकांनी राग चार-दोनच उचलले, पण मतं मात्र पोतंभर उचलली. मुख्य मत असं, की मूकपटातला विनोदी माणूस स्वतःच्या जिवावर विनोदी नसतोच. “तो नुसता पडतो गं. पडणं हा अपघात आहे. त्याचा विनोद पेटी करते.” आणि दुसरं मत असं, की पेटीने स्वतः हसायचं नाही. सूर आधी, फजिती नंतर, हे त्यांचं पेटंट वाक्य. सूर गंभीर पाहिजे. भटजींनी कसं, नवरदेवाचं धोतर सुटत आलं तरी मंत्र सोडायचा नाही.

मला हे पटेना, तेव्हा त्यांनी एकदा प्रयोग करून दाखवला. दर्यागंजच्या फुटपाथवर रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरायचा, तिथून त्यांनी मूकपटांच्या काही डीव्हीडी पैदा केल्या होत्या. त्यातल्या एकीत एक जाडा गृहस्थ रंगाच्या बादलीत पाय घालतो. पहिल्यांदा काकांनी त्याला टुणटुण उड्या मारणारी चाल लावली. मी शिष्टाचार म्हणून हसले. मग तोच तुकडा मागे नेऊन त्यांनी संथ, सोवळी, देवळातल्यासारखी चाल लावली. तो जाडा त्या चालीवर इतक्या विश्वासाने बादलीकडे निघाला, की माझ्या हातातला चहा पायजम्यावर सांडला.

“बघितलंस?” काका म्हणाले. “ही हसायची जागा. ती एकच असते. पुढे नाही, मागे नाही.”

एवढ्यावर थांबले असते तर काकांना मी व्यासंगी म्हटलं असतं. पण त्यांना सगळं जगच मूकपट वाटतं आणि ते मुक्याने चाललेलं त्यांना बघवत नाही. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून भांडण होत नाही असा आठवडा जात नाही. एकदा पहिल्या मजल्यावरचे चड्ढाजी आणि समोरच्या टॉवरमधले एक गृहस्थ काकांच्या बाल्कनीसमोरच भिडले. ‘तू जानता नहीं मैं कौन हूँ’पर्यंत प्रकरण आलं, आणि बाल्कनीतून पेटी सुरू झाली. काकांनी कुणाचीच बाजू घेतली नाही. चड्ढाजी पुढे सरकले की सूर वर, ते गृहस्थ मागे सरकले की सूर खाली, एवढंच. थोड्या वेळाने दोघांच्याही लक्षात आलं की आपण ठेक्यात भांडतोय. चड्ढाजींनी वर केलेला हात तसाच डोक्याकडे नेला आणि केसांतून फिरवला. “अंकलजी, यार, लड़ने तो दो ढंग से,” ते म्हणाले, आणि मग कुणालाच लढता येईना.

माझ्या बाबतीत त्यांनी केलं ते मात्र मी विसरणार नाही. मी घरून काम करत होते. आमचे साहेब कॉलवर शंभरेक लोकांना सांगत होते, की कंपनी हे एक कुटुंब आहे आणि या कुटुंबातली काही मंडळी आता नव्या संधींच्या शोधात जातील. वाक्य मीच लिहिलेलं होतं. माझा माइक चुकून सुरू राहिला होता. बरोबर ‘कुटुंब’ या शब्दावर खालून पेटीचा असा काही कोमल, दुःखी सूर आला, की साहेब थांबले. त्यांना वाटलं कुणीतरी रडतंय. मग कॉलवर कुठेतरी एक माणूस फिसकन हसला, आणि पुढचं कुटुंब कुणी ऐकलंच नाही. मी तणतणत खाली गेले तर काका म्हणाले, “मी तर टीव्हीवरच्या सासूला वाजवत होतो. पण तुमच्या साहेबांनाही लागू पडलं का? अच्छा.”

अशा माणसाशी संसार करणं सोपं नव्हतं. तो नलिनीकाकूंनी केला, आणि माझ्या मते तो केवळ हसण्याच्या जोरावर केला. काकूंना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांचं हसणं वरच्या मजल्यावर मला ऐकू यायचं. आधी काहीच यायचं नाही, कारण त्यांचा श्वास अडकलेला असायचा, आणि मग एकदम बांध फुटायचा. हिवाळ्यातल्या रविवारी जेवणं झाली, की दोघं हीटर लावून, पायांवर एकच रजई घेऊन मूकपट बघायची. म्हणजे काकू बघायच्या आणि काका वाजवायचे. काकू गेल्यावर रविवारची पेटी काही दिवस बंद होती. मग पुन्हा सुरू झाली. हसणं तेवढं ऐकू येत नाही. मी त्या वेळात टीव्ही लावून ठेवते.

आता आमच्या मराठी मंडळाबद्दल सांगायला हवं. मंडळात दोन पक्ष आहेत. एक जुना पक्ष, ज्यांचे वडील इथे सरकारी नोकरीत आले आणि ज्यांची मुलं आता ‘आई, भूक लग गई’ म्हणतात. दुसरा नवा पक्ष, आमच्यासारखा, जो पुण्या-मुंबईहून आयटीत आला आणि ज्याला वाटतं आपण पुढच्या वर्षी परत जाणार. मागच्या संक्रांतीच्या मेळाव्यात जुन्या पक्षाने मराठी नाटक केलं. मुलांना ते कळेना, कुणाच्या पंजाबी सुनेला कळेना, म्हणून मागे बसून एक जण हिंदीत सांगत होता. शेवटी लोक नाटकाकडे पाठ करून त्याचंच ऐकत बसले. यंदा काय करायचं म्हणून बैठक बसली, तेव्हा शेंडेकाका उठून म्हणाले, “मूकपट लावा. मी पेटी वाजवतो. भाषाच नाही, तर भांडण कसलं?”

“मराठी मंडळात मुका सिनेमा?” जुन्या पक्षातल्या एका बाईंनी विचारलं.

“अहो, निदान गप्प तरी मराठीत बसू,” काका म्हणाले, आणि ठराव पास झाला.

काकांना एवढा आनंद झालेला मी काकू गेल्यानंतर प्रथमच पाहिला. पडद्याखाली बसून, समोर भरलेला हॉल असताना वाजवायचं, हे त्यांच्या मास्तरांनी केलं होतं; त्यांना ते आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. त्यांनी पेटीचा भाता दुरुस्त करून आणला. जॅकेट ड्रायक्लीनला दिलं. सिनेमा निवडला तो त्यांचा सगळ्यात लाडका. त्यात एका लंबूटांग माणसाला लग्नाचा तीन मजली केक पोचवायचा असतो. त्याच्यामागे पोलीस लागतो, पोलिसामागे कुत्रं लागतं, आणि ही वरात एकाच रस्त्यावरून पुन्हा पुन्हा जाते. दर वेळी लंबू तिथेच पडतो, पण केक मात्र झेलतो.

कार्यक्रम निखिलकडे होता. निखिल आमचा सांस्कृतिक सचिव. नोकरीत तो प्रॉडक्ट मॅनेजर आहे आणि मंडळालाही तो प्रॉडक्टच समजतो. रंगीत तालमीला तो लॅपटॉप घेऊन बसला. काका वाजवू लागले, आणि खरं सांगते, बहार आली. लंबू केक उचलून निघाला, पोलीस निघाला, सूर चढत गेले, आता तो पडणार, आणि नेमक्या त्या वेळी काकांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. पेटी गप्प. लंबू बिचारा आवाजाविना पडला. तो उठून निघाल्यावर काका पुन्हा वाजवू लागले. असं तीनदा झालं, तिन्ही वेळा त्या रस्त्यावर, तिन्ही वेळा पडण्याच्या तोंडावर.

“काका, इथे डेड एअर येतोय,” निखिल म्हणाला.

“येऊ दे.”

“नाही पण, क्लायमॅक्सलाच? ऑडियन्स ड्रॉप होईल. थोडं फिलर टाका ना. नाहीतर मी ते टॉइंग टाकतो, सीरियलमध्ये असतं ना, तसं.”

‘टॉइंग’ ऐकल्यावर काकांनी पेटी बंद केली. निखिलनेही मग मॅनेजरचा आवाज काढला. सिनेमाचं रेकॉर्डेड म्युझिक त्याने डाउनलोड करून ठेवलं होतं. जागा भरल्या तर पेटी, नाहीतर रेकॉर्डिंग, बिल्कुल साधी गोष्ट आहे, असं त्याने सांगितलं. काका पेटी उचलून चालते झाले. त्यांना समजवायचं काम, एचआर म्हणून, माझ्याकडे आलं.

मी गेले तेव्हा ते चहा करत होते. विषय मी काढायच्या आधी त्यांनीच काढला.

“मला कळत नाही असं वाटतं का त्या पोराला? ती जागा भरायलाच पाहिजे. मास्तर असते तर माझ्या पाठीत रट्टा घातला असता.”

“मग थांबता कशाला?”

“हिच्यामुळे,” ते म्हणाले. “हिला हसायची जागा कधी कळलीच नाही. इकडे तो पडायच्या बेतात, मी भाता भरून तयार, आणि ही आधीच हसायची. आणि तिचं हसणं तुला माहीत आहे. पेटी ऐकूच यायची नाही. मग थांबायचो. दर वेळी त्याच तीन ठिकाणी. किती चिडलो असेन मी.”

“कशाला हसायच्या पण?”

“देव जाणे. हसताना बोलता कुठे यायचं तिला. पडद्याकडे बोट दाखवायची नुसतं. मी पेटीकडे बघू, त्या माणसाकडे बघू, का तिच्या बोटाकडे?” त्यांनी चहा गाळला. कप माझ्यापुढे ठेवला आणि स्वतःचा तसाच ओट्यावर राहू दिला. “काल बसलो होतो. म्हटलं, पोराचं ऐकू या. सगळ्या जागा भरून वाजवलं. बिनचूक झालं, एका सुराची चूक नाही. आणि संपल्यावर असं वाटलं, की घरात कुणीच नाही.”

माणसाने दुसऱ्यांचा गप्पपणा इतकी वर्षं पेटीने भरून काढावा आणि स्वतःचा गप्पपणा असा जपून ठेवावा, याची मला कल्पना नव्हती. मी निखिलला फोन करून सांगितलं की काका तयार आहेत, जागा भरतील. धादांत खोटं बोलले. माणसांना गोड बोलून फसवायचा मला पगार मिळतो, तो एकदा तरी सत्कारणी लागू दे म्हटलं.

संक्रांतीच्या मेळाव्याला हॉल भरला. बाहेर धुकं, आत ब्लोअर, शाली, कानटोप्या आणि तिळगुळाच्या वड्या. चड्ढाजी सहकुटुंब आले होते. काका पडद्याखाली एका बाजूला ड्रायक्लीन केलेल्या जॅकेटमध्ये बसले. मी निखिलच्या शेजारची खुर्ची पकडली, कारण त्याचं बोट लॅपटॉपवर होतं.

सुरुवात झकास झाली. पोरं खिदळत होती. लंबू केक घेऊन त्या रस्त्यावर आला, सूर चढले, आणि काकांनी हात मांडीवर ठेवले. हॉलमध्ये ब्लोअरची घरघर तेवढी राहिली. निखिलचं बोट हललं. मी त्याच्या हातात तिळाचा लाडू कोंबला आणि म्हटलं, “तिळगूळ घ्या.” पाकाचा होता, सुटायला वेळ लागला.

पेटी थांबल्यावर ऐकायला काही उरलं नाही, म्हणून माणसं नुसती बघू लागली, आणि नजरा इकडेतिकडे गेल्या. मीही तेव्हाच पाहिलं. रस्त्याच्या अगदी कोपऱ्यात, बाकावर, एक म्हातारी मटार सोलत बसलेली होती. लंबू तिच्यासमोरून धावत आला तसे तिने मान वर न करता दोन्ही पाय उचलून धरले, लादी पुसायला बाई आली की आपण धरतो तसे. लंबू गेला, पोलीस गेला, कुत्रं गेलं. तिने पाय खाली ठेवले आणि पुढची शेंग घेतली.

“हाय, अम्मा को तो देखो,” मिसेस चड्ढा म्हणाल्या. “पैर ऊपर कर लिए.” आणि त्या हसत सुटल्या. त्यांच्या मागची बाई हसली, तिच्यामागची मुलं हसली. लंबू पडला तो कुणी पाहिलाच नाही.

काकांनी चमकून हॉलकडे बघितलं आणि मग वळून पडद्याकडे. दुसऱ्यांदा वरात आली तेव्हा सगळा हॉल त्या म्हातारीवर डोळे लावून बसला होता. कुणी दिसायच्या आधीच तिने पाय उचलले, आणि जो हशा फुटला त्यात पेटी वाजली असती तरी ऐकू आली नसती. निखिलसुद्धा हसत होता, चिकट हात वर धरून. तिसऱ्यांदा काकांनी हात मांडीवर ठेवायचा प्रश्नच आला नाही, कारण दुसऱ्या वेळेनंतर त्यांनी ते उचललेच नव्हते. ते स्टुलावर पूर्ण मागे वळून, तोंड वर करून त्या कोपऱ्याकडे बघत होते. बराच वेळ सिनेमा पेटीशिवाय चालला, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. मग त्यांनी चष्मा पुसला आणि लंबूला केकसकट लग्नघरी पोचवलं.

टाळ्या थांबल्यावर निखिल धावत गेला. “काका, ते पॉझ म्हणजे मास्टरस्ट्रोक. पुढच्या वर्षी अजून चार टाकू.”

“ते माझे नाहीत,” काका म्हणाले.

परत येताना ते माझ्या गाडीत पेटी मांडीवर घेऊन बसले होते. धुक्यात पुढची गाडी दिसत नव्हती, मी हळू चालवत होते.

“ती म्हातारी होती तिथे,” ते म्हणाले. “सगळा वेळ तिथेच होती. मी आपला त्या लंब्याकडे बघत बसलो, तो कधी पडतो म्हणून. आणि हिला काय म्हणायचो माहितीये? म्हणायचो, नलू, गप, ही हसायची जागा नव्हे.”

मी समोरची काच हाताने पुसली.

“दर वेळी बोट दाखवायची गं ती,” काका म्हणाले. “एकदा तरी बघायला हवं होतं.”